काळ्या घळीवरचे दोन तास

मित्रांनो, मी रोपवेची एक जुनी गाडी. नाव मला कुणी ठेवलं नाही. पुढच्या काचेखाली पांढऱ्या रंगात दोनचा आकडा काढला, तेच माझं नाव. एक क्रमांकाची गाडी ही माझी जुळी बहीण. ती डोंगर उतरू लागली की मी चढू लागायचे. असं आम्ही चाळीस वर्षं केलं.

माझा जन्म सपाटीवरच्या एका कारखान्यात झाला, १९५६ साली. लोखंडाच्या फासळ्या, त्यांवर अॅल्युमिनियमचे पत्रे आणि खाली जाड लाकडी फळ्या. धुक्यातही नजरेला पडावं म्हणून मला तांबड्या रंगाचे तीन हात दिले. मग एका मोठ्या ट्रकवरून मला स्वित्झर्लंडच्या डोंगरांत, हिंटरमाट गावी आणलं. गावचा बँड वाजला, पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि पहिल्याच दिवशी मी ब्लाउएग डोंगराच्या माथ्यावर जाऊन आले.

माझं काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगते, कारण पुढे ते लागेल. माझ्या डोक्यावर चाकं होती. ती दोन जाड पोलादी दोरांवरून धावायची. हे जाड दोर जागचे हलत नसत. मला वर-खाली न्यायचा तो तिसरा, बारीक दोर. तो डोंगरमाथ्यावरच्या यंत्रघरातल्या मोटरला बांधलेला असे. वाटेत दोन उंच लोखंडी मनोरे होते आणि त्यांवरच्या कप्प्यांमधून हा बारीक दोर सरकायचा. तोच तुटला किंवा त्याला मोठा हिसका बसला, तर माझ्या ब्रेकचे दोन जबडे आपोआप मिटायचे आणि जाड दोराला घट्ट चावून धरायचे. मग मी जिथे असेन तिथे थांबायचे.

एका खेपेला चोवीस माणसं आणि एक वाहक. रविवारी शहरांतून सहलीला येणारे लोक काचांना नाक लावून उभे राहायचे. आठवड्यात मात्र मी गावाची असायचे. माथ्यावरच्या कुरणातून चीजचे मोठे गोल खाली आणायचे, पिठाची पोती वर न्यायचे. एकदा एक वासरू नेलं, त्याने माझी सगळी काच चाटून ठेवली. रेल्वे स्टेशनांवर माझं चित्र लागलं होतं. खाली बर्फ, वर निळं आभाळ आणि मधे मी. त्या दिवसांत माझी फार वाहवा झाली.

वरच्या यंत्रघराचा मुख्य होता आंब्रोस. बोलणं तिरकस, पण हात देवाने दिलेले. रोज सकाळी पहिल्या खेपेआधी तो माझ्या छपरावर चढून दोन्ही मनोऱ्यांपर्यंत यायचा आणि प्रत्येक कप्पी हातमोजा काढून चाचपायचा. थंडीत बोटं निळी पडायची. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डोळा खोटं बोलतो, हात बोलत नाही."

१९७१ साली माझ्यावर नवी वाहक आली. गावच्या सुताराची मुलगी, व्हेरेना. वय सव्वीस. सगळे तिला व्रेनी म्हणत. त्याच वर्षी आमच्या देशात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला होता. त्यामुळे गावच्या खाणावळीत बसणाऱ्या पुरुषांना आयताच विषय सापडला.

"मत मिळालं, आता ब्रेकपण पाहिजे होय?"

"असू दे रे. गाडी झाडून तरी स्वच्छ ठेवील."

आंब्रोसलाही ती सुरुवातीला पसंत नव्हती. पण तिने दोन महिन्यांत माझा ब्रेक सुटा करून पुन्हा जोडायला शिकून घेतला, तेव्हापासून तो तिला 'पोरी' म्हणू लागला. त्याच्या तोंडी ती मोठी पदवी होती.

आमचा एक नियम होता. वाहकाने गाडीतलं हिरवं बटण दाबल्याशिवाय यंत्रघराने मोटर सुरू करायची नाही. वारा किती, माणसं किती, दार लागलं का, हे सगळं बघायचं आणि मगच बटण दाबायचं. वरच्या मनोऱ्यावर वारा मोजायचं यंत्रही होतं. वारा ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की स्टेशनात घंटा वाजे आणि गाड्या बंद होत.

आता १९७४ च्या ऑक्टोबरची गोष्ट.

त्या महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी व्रेनीने घंटा वाजायच्या आधीच खेप थांबवली होती. तिला वाऱ्याची चाल बरी वाटेना. चाळीस माणसं दोन तास खोळंबली आणि वारा काही वाढला नाही. आपसूक पडून गेला. मग काय, खाणावळीत आठवडाभर तेच.

"व्रेनीची बट उडाली की गाडी बंद."

व्यवस्थापक फुर्गरसाहेबांनी तिला कचेरीत बोलावून घेतलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. माझी काच पुसता पुसता तिने आंब्रोसला सांगितलं, "म्हणाले, आपण यंत्राला पैसे मोजलेत. वारा किती ते यंत्र सांगेल. तुझ्या पोटातल्या गोळ्याला कोण विचारतंय?"

आंब्रोस नुसता खाकरला.

पुढच्या गुरुवारी एक गायकमंडळ सहलीला आलं. सपाटीवरच्या गावातले एकोणीस जण, सगळे साठीपुढचे. सकाळी हवा लख्ख होती. त्यांनी माथ्यावर जवाचं सूप घेतलं, उन्हात बसून दोन गाणी म्हटली. दुपारनंतर मात्र आभाळाचा रंग बदलला. दक्षिणेच्या शिखरांवर ढगांची सरळ भिंत उभी राहिली आणि समोरचे डोंगर हात लावावा इतके जवळ दिसू लागले. आमच्याकडे ही फ्योन वाऱ्याची खूण. हा वारा गरम असतो. तो दमाने येत नाही, धक्के देत येतो.

व्रेनी माझ्या दाराशी उभी होती. आंब्रोस यंत्रघरातून बाहेर आला आणि डोळे बारीक करून त्या डोंगरांकडे बघत राहिला.

"फार जवळ आलाय," तो म्हणाला. "जवळ आलेला डोंगर आणि गोड बोलणारा जावई, दोघांपासून सांभाळून राहावं. थांबू या थोडं."

तेवढ्यात फलाटाच्या भिंतीवरचा फोन वाजला, खालच्या स्टेशनातून. फोन घेतला व्रेनीने, पण फुर्गरसाहेबांचा आवाज इतका चढा होता की मलाही ऐकू येत होता.

"मंडळींची पावणेपाचची आगगाडी आहे. तुम्ही तिथे काय करताय?"

"वारा वळतोय साहेब."

"घंटा वाजली?"

"नाही."

"मग? परत तुझी बट उडाली का?"

व्रेनीने फोन ठेवला. तिचे कान लाल झाले होते. तिने आंब्रोसकडे बघितलं. आंब्रोसने फलाटावरच्या, वारा दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं. काटा हद्दीच्या खाली होता, अगदी थोडाच.

"तू म्हणशील तसं," आंब्रोस म्हणाला.

ती माझ्यात शिरली. एकोणीस जण आधीच आत येऊन उभे होते. तिने दार लावलं. तिचा अंगठा हिरव्या बटणावर बराच वेळ टेकलेला होता. मित्रांनो, मी त्या अंगठ्याचा घाम अजून विसरले नाही. तिच्या मनाने नाही म्हटलं होतं. अंगठ्याने बटण दाबलं.

आम्ही निघालो. खालून बहीण रिकामीच वर निघाली. पहिली काही मिनिटं ठीक गेली. वरचा मनोरा ओलांडला आणि जमीन एकदम खाली गेली. तिथे काळी घळ आहे. पावणेदोनशे मीटर खोल, तळाशी फक्त दगड आणि पाण्याची एक बारीक रेघ. सहलीचे लोक इथे नेहमी 'अबब' म्हणतात. त्या दिवशीही कुणीतरी म्हटलं, आणि त्याच वेळी वाऱ्याचा पहिला धक्का बसला.

मी एका बाजूला कलले. माणसं एकमेकांवर पडली. माझ्यामागे मनोऱ्यापाशी बारीक दोर वर उसळला आणि सळसळत खाली आला. मोठा हिसका बसला. माझे जबडे मिटले, जाड दोराला चावले आणि मी जागच्या जागी थांबून घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावे खाऊ लागले. दूर वर, स्टेशनात, घंटा वाजायला लागली.

आता तिचा काय उपयोग होता?

"सगळ्यांनी खाली बसा," व्रेनी म्हणाली. "मधोमध. काचांपासून लांब. कुणाला लागलंय का?"

एका बाईचं मनगट दुखावलं होतं. बाकी सगळे धड होते. व्रेनीने भिंतीवरचा फोन उचलला. त्यात नुसती शांतता. तिने दोनदा हुक दाबला, तिसऱ्यांदा दाबला आणि मग फोन जागेवर ठेवून ती मागच्या काचेशी गेली.

आमचा फोन त्या बारीक दोरातूनच चालायचा. दोर कप्प्यांच्या रबरावर असेपर्यंत आवाज जायचा. तो उघड्या लोखंडाला टेकला की फोन मुका. हे व्रेनीला आंब्रोसनेच शिकवलं होतं. म्हणून काचेतून बघायच्या आधीच तिला कळलं होतं की काय दिसणार. ऐंशी मीटर मागे, मनोऱ्यावर, दोर कप्पीतून निसटून सांगाड्याच्या लोखंडी कोनपट्टीच्या धारेमागे अडकला होता.

वर कुणी मोटर सुरू केली असती तर ती धार दोराला करवतीसारखी कापत गेली असती. आणि वरच्यांना हे ठाऊक आहे की नाही, ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

व्रेनी काचेला हात टेकून उभी राहिली. तेवढ्यात दोराला एक बारीकसा ताण आला. कोनपट्टीवर लोखंड कुरकुरलं. तिने काचेला कान लावला. मीही सगळ्या अंगाने वाट बघत होते. मग तो ताण सुटला आणि पुन्हा आला नाही. वर कुणीतरी वेळेवर हात आवरला होता.

गायकमंडळात ऑयगेन नावाचा एक धिप्पाड खाटीक होता. तो एकदम उठला. "मला दार उघडून द्या. मला हवा पाहिजे. मला इथे श्वास येत नाही." तो दाराकडे निघाला तशी मी त्या बाजूला झुकले. दोन बायका किंचाळल्या.

तेव्हा त्याच्या मागून आवाज आला, "ऑयगेन, बस खाली. तुझं वजन आम्हा तिघींइतकं आहे. तू हललास की सगळ्यांची वरात निघते."

बोलणाऱ्या आजीबाईंचं नाव हेडविग. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अंगाने काडी. आयुष्यभर सुईणीचं काम केलेल्या. त्यांनी ऑयगेनचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि तो सोडला नाही. कुणीतरी धीर यावा म्हणून गाणं सुरू करायला लागलं, तर त्यालाही त्या म्हणाल्या, "आत्ता नको. पोरीला वरचा आवाज ऐकू येऊ दे."

मग ते सगळं गायकमंडळ गप्प बसलं. वारा आणि माझ्या सांध्यांची कुरकुर, एवढंच ऐकू येत होतं.

पस्तीस मिनिटांनी व्रेनीला कड्याच्या पायवाटेवर एक माणूस दिसला. निळे कपडे, खांद्यावर साखळीची पुली, वाऱ्यात अर्धा वाकलेला. आंब्रोस होता. एकसष्ट वर्षांचा, गुडघ्यांनी अधू. तो मनोऱ्याच्या पायाशी आला, क्षणभर शिडीला कपाळ टेकून उभा राहिला आणि चढू लागला.

तो काय करणार हे व्रेनीला कळलं. अडकलेला दोर ताणलेल्या अवस्थेत उचलता येत नाही. तो आधी सैल सोडावा लागतो. आणि मला वरून धरून ठेवणारा तोच होता. तो सैल पडला की मला धरायला फक्त माझे जबडे उरणार होते. त्यांना जोड म्हणून छपरावर हाताने आवळायचा एक शिकंजा होता. तो आवळायला कुणीतरी वर जायला हवं होतं.

तिने कमरेला पट्टा बांधला आणि छपराचं झाकण उघडलं. वारा आत घुसला.

"मी वर जातेय," ती हेडविगबाईंना म्हणाली. "कुणीही जागचं हलता कामा नये. अर्धा तास, कदाचित जास्त. तुम्ही बघाल?"

"बाराशे बायकांना मी 'अजून नाही, थांब' म्हटलंय बाळ," हेडविगबाई म्हणाल्या. "या एकोणीस म्हाताऱ्यांना म्हणायला मला किती कष्ट पडणार? जा तू."

"अठराच," ऑयगेन पुटपुटला. "तुम्ही सोडून."

"बघ, याला श्वास आला."

व्रेनी छपरावर आली. मित्रांनो, पावसात, बर्फात, धुक्यात माझ्या छपरावर माणसं चढलेली मी पाहिली होती, पण अशा वाऱ्यात कुणी नाही. तिने पट्टा माझ्या लोखंडी दांड्याला अडकवला, गुडघे टेकले आणि शिकंज्याचा नट आवळायला घेतला. एका धक्क्यात पाना तिच्या हातातून उडाला. पण पान्याला दोरी बांधलेली होती, तो छपराच्या कडेला लोंबकळत राहिला. तिने तो ओढून घेतला आणि पुन्हा आवळायला लागली. नट हलेनासा झाला तेव्हा पायाने पान्यावर जोर देऊन तिने आणखी पाव फेरा घेतला.

आंब्रोस मनोऱ्यावर पोचला होता. दोघांमध्ये ऐंशी मीटर वारा. ओरडून काही उपयोग नव्हता. तिने दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच केले. म्हणजे ब्रेक घट्ट, दोर सोडा. आंब्रोस तसाच बघत राहिला. तिने हात खाली घेतले नाहीत. मग त्याने टोपी काढली आणि वळून यंत्रघराच्या दिशेने हलवली. तिथे खिडकीत त्याचा मदतनीस लिनुस डोळ्यांना दुर्बीण लावून उभा होता.

दोर सैल पडू लागला.

आधी तो थरथरला, मग त्याला झोळ आला. माझं सगळं वजन, वीस माणसांचं वजन, जबड्यांवर आलं. मी बोटभर घसरले. आत कुणीतरी 'देवा' म्हटलं. व्रेनीने दोन्ही तळवे जबड्यांवर दाबले, जणू तिच्या हातांनी मी थांबणार होते. आणि मी थांबले.

हे मी माझी फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या वसंतात माझ्या जबड्यांचं अस्तर बदलायची वेळ आली होती. कचेरीचं म्हणणं होतं की जुनं आणखी एक वर्ष निघेल. आंब्रोसने तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात त्याने एवढंच लिहिलं की अस्तर आलं नाही तर मी मोटर सुरू करणार नाही, माझ्या जागी दुसरा बघा. मे महिन्यात नवं अस्तर आलं. त्या दुपारी मी त्याच्यावर लटकून होते.

आंब्रोसने साखळी दोराखालून घातली आणि ओढायला सुरुवात केली. दोर वीतभर उचलला गेला, धारेवरून सुटला, आणि वाऱ्याने झटका दिला तसा परत खाली आपटला. तो हादरा माझ्यापर्यंत आला. आंब्रोस दोन्ही हातांनी मनोऱ्याला मिठी मारून थांबला. खालून व्रेनीला वाटलं, संपलं. आता हा पडणार.

तो पडला नाही. बराच वेळ तसाच राहिला. वाऱ्याचे दोन धक्के त्याने जाऊ दिले, तिसराही जाऊ दिला. मग मधली जरा शांत जागा सापडताच त्याने साखळी भराभर ओढली आणि दोर खांद्याने ढकलला.

माझ्या आत फोन वाजला.

छपरावरून व्रेनीला तो ऐकू आला. तिला आधी वाटलं भास झाला. पण तो वाजतच होता. दोर लोखंड सोडून कप्पीच्या रबरावर बसला होता. आत कुणी हलेना, कारण कुणी हलायचं नव्हतं. शेवटी हेडविगबाई गुडघ्यांवर सरकत गेल्या आणि त्यांनी फोन उचलला.

"हॅलो. गाडीतून हेडविग बोलतेय. पोरगी छपरावर आहे, जरा दम धरा." मग त्यांनी वर तोंड करून विचारलं, "लिनुस म्हणून कुणी आहे. विचारतोय, ताणू का?"

"ताण म्हणावं," व्रेनी ओरडली. "हळू. अगदी हळू."

दोर ताणला गेला. तिने शिकंजा सैल केला, खाली उतरली, झाकण लावलं आणि हाताच्या दांड्याने माझे जबडे उघडले. आम्ही माणसाच्या चालीने खाली निघालो. पाऊण तास लागला. तेवढा वेळ आंब्रोस मनोऱ्यावर बसून होता, कप्प्यांवर नजर ठेवून. मी खालच्या स्टेशनात टेकले तेव्हा सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. मंडळींची आगगाडी केव्हाच निघून गेली होती. तिचं नाव कुणी काढलं नाही. ऑयगेन बाहेर पडला आणि फलाटावर बसून लहान मुलासारखा रडला. हेडविगबाई शेजारी उभ्या राहून त्याची टोपी धरून होत्या.

सगळे गेल्यावर व्रेनी माझ्याच फळ्यांवर बसून राहिली. फुर्गरसाहेब आले.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "घंटा वाजली नव्हती. चौकशीत तेवढंच सांगायचं. ते खरंच आहे. तुझ्यावर काही येणार नाही, माझ्यावर काही येणार नाही."

व्रेनी उठली आणि माझ्या फळ्या झाडू लागली.

दुसऱ्या सकाळी वारा पडला होता. आंब्रोस लंगडत माझ्यापाशी आला. त्याच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या.

"बटण मी दाबलं," व्रेनी म्हणाली.

"आणि मोटर कुणी सुरू केली? भुताने?"

"तुम्ही थांबू म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. मग म्हणालो, तू म्हणशील तसं." त्याने पट्टी बांधलेला हात माझ्या दाराला लावला. "एकसष्ट वर्षांच्या माणसाने एकोणतीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यात ते घालायला नको होतं. तोही भित्रेपणाच पोरी. फक्त माझा कुणाच्या डोळ्यावर आला नाही."

चौकशीला राजधानीहून दोन अधिकारी आले. व्रेनी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "घंटा वाजली नव्हती. पण मला कळलं होतं. लोक हसतील म्हणून मी बटण दाबलं." अधिकाऱ्याने विचारलं, हे असंच लिहून घेऊ का? ती म्हणाली, असंच. नंतर आंब्रोसही आत गेला आणि त्यानेही आपलं लिहून दिलं.

तिला तीन महिने कामावरून दूर ठेवलं. वर्तमानपत्रात नाव छापून आलं, तेही चांगल्या अर्थाने नाही. पण त्या चौकशीतून एक नवा नियम निघाला. वाहक किंवा यंत्रचालक 'नाही' म्हणाला तर गाडी निघणार नाही आणि त्याला कारण विचारलं जाणार नाही. फुर्गरसाहेब पुढच्या वर्षी दुसरीकडे निघून गेले. जानेवारीत व्रेनी परत आली. त्यानंतर एकवीस वर्षं ती माझ्यावर होती आणि कितीतरी वेळा तिने दाराला 'आज बंद' अशी पाटी लावली. खाणावळीत लोक तिला काही बोलले असतील, नसतील. तिने पुन्हा कधी मला ते सांगितलं नाही.

मग माझे दिवस भरले. १९९६ साली नवीन मोठ्या गाड्या आल्या, एका खेपेला साठ माणसं नेणाऱ्या. बहिणीला एका संग्रहालयाने नेलं. मला स्टेशनामागे खाजऱ्या झुडपांच्या रानात टाकलं. तिथे माझ्या काचा फुटल्या, दाराची मूठ गंजली, फळ्यांमध्ये उंदरांनी घर केलं. सात हिवाळे बर्फ माझ्या आत पडला. शेवटी गावाने मला उचलून बसथांब्यावर ठेवलं, आत दोन बाकं टाकली. आता लोक माझ्यात बसून बसची वाट बघतात.

गेल्या शरदातली गोष्ट. दुपारी फ्योन सुटला होता आणि वर जाणाऱ्या गाड्या बंद होत्या. एक माणूस बायको आणि मुलीला घेऊन माझ्यात येऊन बसला. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. व्रेनीच होती ती. केस पांढरे झाले आहेत, कानांनी कमी ऐकू येतं.

"तीन तास गाडी चालवून आलो," तो माणूस कुरकुरत म्हणाला. "आणि म्हणे वारा आहे. झाडाचं पान हलत नाही इथे. एवढ्याशाला घाबरतात हे लोक."

"घाबरतात," व्रेनी म्हणाली. "घाबरायलाच ठेवलंय त्यांना."

मुलगी हसली. व्रेनीने पिशवीतून तीन सफरचंदं काढून त्यांना दिली आणि म्हणाली, "उद्या या. उद्या हवा स्वच्छ असेल." मग तिची बस आली आणि ती गेली. ती कोण होती हे त्या माणसाला कळलं नाही.

मित्रांनो, मला नवा रंग द्या, माझ्या काचा पुसा, असं मी तुमच्यापाशी मागणार नाही. ते झालं तर बरंच आहे. माझं मागणं निराळं आहे. तुम्ही कधी नावेच्या घाटावर, रोपवेच्या दारात नाहीतर घाटरस्त्याच्या तोंडाशी उभे असाल, आणि तेलकट हातांचं कुणी माणूस येऊन म्हणेल, "आज नको." तेव्हा त्याला हसू नका, घाई करू नका, कारण विचारू नका. ते दोन शब्द तोंडातून काढायला त्याला किती बळ लागलं असेल, ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त मान हलवा आणि म्हणा, "बरं. उद्या येतो."